फाटलेला कोपरा

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नाही आणि अर्जापलीकडे कुणी काही लिहिलंही नाही. तेव्हा चूकभूल असेल तर माफ करावं. सांगायचं एवढंच, की माझा थोरला भाऊ जिवंत असताना आमच्या घरी एक दिवस त्याच्यासाठी रडारड झाली, आणि ती माझ्यामुळे.

दादा नौदलात. तो आणि त्याचे तीन सोबती शिडाच्या छोट्या बोटीतून मुंबईहून मॉरिशसला निघाले. बोट तीस फूट लांब. बाबा नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या दुकानात. त्यांनी लगेच हिशेब केला.

"दहा वार! तुह्या लुगड्याहून एकच वार जास्त वं."

"माह्या लुगड्याएवढ्या नावेत समुद्र?" मायनं त्या दिवशी भाजी दोनदा खारट केली.

महिन्याने वाटेतल्या एका बेटावरून दादाचं कार्ड आलं. पोस्टमन मला दारातच भेटला. मला कॉलेजला उशीर झालेला. कार्डावर रंगीत माशाचं तिकीट! वर्गातली एक मुलगी तिकिटं जमवते. (नाव सांगत नाही, विषय तो नाही.) तिकीट सोलून निघेना, म्हणून कोपऱ्यासकट फाडलं, कार्ड ओसरीवर ठेवलं आणि सायकल हाणली. वाचलं नाही.

आता, कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मरणाची बातमी, हे आमच्याकडे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळतं. असं कार्ड घरात नेत नाहीत. मला हे माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नाही!

दुपारी परतलो तर अंगणात अर्धी गल्ली. माय ऊर बडवून राहिलेली.

"तुहा दादा गेला रे!"

मीही मोठ्याने रडलो. चांगला पाच मिनिटं रडलो. मग विचारलं, "कोणी सांगितलं?"

शेजारच्या सखूकाकूंनी ओसरीवरच दगडाखाली ठेवलेल्या कार्डाकडे बोट केलं. "कोपरा पाय ना गा."

मी कोपरा पाहिला. सकाळचं तिकीट आठवलं.

कार्ड उचलून धडाधड वाचलं: "दोन दिवस समुद्र खवळला होता. लाटा आपल्या कौलांहून उंच. शीड फाटलं, ते शिवलं. मी बादलीने पाणी उपसत होतो. आता सुखरूप आहे. उद्या पुढे निघतो."

"हे आधीचं लिवलं," माय म्हणाली. "कोपरा मागून फाडला कोणी तरी."

"मी फाडला, माय! तिकिटासाठी!"

"मायचं मन राखाले खोटं बोलून राहिला पोरगा," सखूकाकू म्हणाल्या. अख्ख्या गल्लीला माझं कौतुक वाटलं!

मायनं डोळे पुसले. "मंग आण तो कोपरा. तोवर मी पाणी नाई पेत."

त्या मुलीचं घर सक्करदऱ्याला; इतक्या जोरात सायकल मी परीक्षेलाही हाणली नव्हती. तिकीट बशीत पोहत होतं, कोपरा सुटून बुडाशी बसला होता.

"दिलेलं परत मागतात का?" ती म्हणाली.

"माझी माय पाणी पीत नाहीये," एवढंच मला बोलता आलं. तिने बशीच हातात दिली. एका हाताने सायकल, एका हातात बशी, असा मी नागपूरभर फिरलो.

घरी बाबांनी ओला तुकडा कार्डाला लावला. जन्मभर कापड फाडलेला माणूस! फाटलेल्या कडेवरून हळूच बोट फिरवलं आणि म्हणाले, "याच ताग्याचा हाये. पी पाणी."

माय तांब्याभर पाणी प्याली. सखूकाकू निराश झाल्यासारख्या वाटल्या.

पंधरा दिवसांनी तार आली. तार म्हटल्यावर मायनं पुन्हा पदर तोंडाला लावला, पण या वेळी मी आधी वाचलं: "पोचलो. सगळे खुशाल." बाबांनी गल्लीत पेढे वाटले.

मागून दादाचं पत्र आलं. त्यात होतं: "पुढचं वादळ पहिल्याहून मोठं होतं. सोबत्यांना घरची काळजी. मी निर्धास्त. पत्र नीट वाचून समजावणारा शिकलेला भाऊ घरी आहे!"

ते पत्र मी मायला मोठ्याने, सावकाश वाचून दाखवलं. हे वाक्य तेवढं गाळलं.