एकतिसावा दात

आमची ताई दातांच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. स्वतःच्या नखाला तिने जन्मात रंग लावला नाही, पण नेलपॉलिशच्या बाटल्या डझनाने आणते. दुकानदार तिला ‘हौशी बाई’ म्हणतो. तो रंग असतो उपटलेल्या दातांसाठी. मुळाची नळी कुठल्या मसाल्याने घट्ट बंद होते ते बघायचं, तर टोक तेवढं सोडून अख्खं मूळ रंगवायचं, दात तीन दिवस निळ्या शाईत बुडवायचा आणि मग उभा चिरायचा. शाई जितकी आत शिरली, तितका मसाला कुचकामी.

ताई कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं कॉलेजातले लोक म्हणतात. मला हसू येतं. तिच्यासारखी डूख धरणारी बाई मी पाहिलेली नाही, आणि मला तिचा अभिमान आहे.

अकरा वर्षांपूर्वी एका डॉक्टराने आमच्या आईच्या खालच्या दाताचं रूट कॅनल वीस मिनिटांत उरकलं. पुढे महिनाभर आई गाल धरून त्याच्याकडे खेपा घालत होती. शेवटी तो म्हणाला, “आजी, हे दाताचं नाही, वयाचं दुखणं आहे.” आठवड्याने गळा सुजला. दुसऱ्या डॉक्टराने दात उपटला, पण पू मानेत उतरला होता. चौथ्या दिवशी आई गेली. मी ऊर बडवून रडले. ताईने तो दात बाटलीत घातला आणि दर महिन्याला त्याचं पाणी बदलत राहिली.

पुढे तो माणूस कॉलेजात विभागप्रमुख झाला. ताईने बरी चाललेली नोकरी सोडून तिथे अर्ज केला.

“जा आणि फेक तो दात त्याच्या तोंडावर,” मी म्हटलं.

“आपण बोललो तर तो आपल्याला खोटं पाडेल,” ताई म्हणाली. “त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचंय मला.”

सहा वर्षं तिने त्याला ‘सर, सर’ केलं. ताकास तूर लागू दिली नाही.

यंदा त्याने तीन मसाल्यांची तुलना काढली. तीस दात स्वतःच्या हाताने भरले. चिरलेले दात बघायला बाहेरून तीन परीक्षक यायचे होते.

“त्याच्या लाडक्या मसाल्याच्या दातांवर रंग जरा पातळ लाव की,” मी सुचवलं.

ताई भडकली. “कामात बेइमानी केली तर त्याच्यात नि माझ्यात फरक काय गं?”

तिने तीसही दात चोख रंगवले. त्याचाच मसाला पहिला आला. स्वारी खुशीत होती. तेव्हा ताईने भिंगाखाली आणखी एक चिरलेला दात सरकवला. शाई खालपासून वरपर्यंत भरली होती.

“हा कुठल्या गाढवाने भरलाय?” तो परीक्षकांकडे बघून हसला. “अर्धी नळी रिकामी! पेशंट असता तर मेला असता.”

“मेलीच, सर,” ताई म्हणाली. “माझी आई होती. भरलाय तुम्हीच.” आणि आईच्या रूट कॅनलचं, त्याच्याच सहीचं जुनं कार्ड तिने टेबलावर ठेवलं.

त्याने कार्ड उलटंपालटं केलं. “कोण तुमची आई? मला नाही आठवत.”

खोटं बोलत नव्हता तो मेला. त्याला खरंच आठवत नव्हतं. आम्ही अकरा वर्षं जळत होतो आणि त्याला आईचा चेहरासुद्धा माहीत नव्हता.

तो उठायला लागला. परीक्षकांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी जाऊन दार लावून घेतलं. “बसा, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “त्यांना सांगू दे.”

ताई पाऊण तास बोलली आणि तो मान खाली घालून ऐकत बसला. मी तिथे नव्हते, याचं मला मरेपर्यंत वाईट वाटेल.