शेजारची बाई

माझी आई बायबलबाई होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिका, आणि पायी तळवडे, चाकण, कधी पार खेडपर्यंत. वडील गेल्यावर आम्ही दोघी चिंचवडला एका खोलीत राहत होतो. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच निघाला होता. तिथं मला बाटल्यांवर लेबलं चिकटवायचं काम मिळालं.

आमच्या खात्यात दहा-बारा मुली होत्या. सगळ्या एकाच माठातलं पाणी प्यायच्या. मी ख्रिस्ती आहे हे कुणाला सांगितलं नव्हतं. ख्रिस्ती म्हटलं की ‘आधीचे कोण?’ हा प्रश्न यायचाच, आणि आम्ही आधीचे कोण ते कळलं तर माझा पेला वेगळा ठेवतील, ही धास्ती होती.

एकदा मी डबा घरी विसरले. जेवणाच्या सुट्टीत आम्ही फाटकाजवळ सावलीला बसलो होतो, तेवढ्यात आई डबा घेऊन आली. उन्हानं चेहरा लाल झालेला, खांद्याला ती पिशवी. माझ्याशेजारी चिंचवडच्या शेतकरी घरची मुलगी होती, माझी जवळची मैत्रीण. तिनं विचारलं, “आई हाय का गं तुझी?”

“नाही,” मी म्हणाले. “आमच्या शेजारची बाई आहे.”

आई चार पावलांवर होती. तिनं ऐकलं. पुढं न येता तिनं डबा वॉचमनकडं दिला, ‘त्या मुलीचा आहे’ एवढंच सांगितलं आणि तळवड्याच्या वाटेला लागली. ‘माझ्या मुलीचा’ असं ती म्हणाली नाही. माझं खोटं तिनं सांभाळून घेतलं.

संध्याकाळी तिनं रोजच्यासारखं वाढलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. 

चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा पुण्याहून येऊन प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, देत. मनात पाप लपवून ते घ्यायचं नसतं. त्या महिन्यात मी पोट दुखतंय म्हणून घरीच राहिले. पुढच्या दोन्ही वेळांना गेले, पण भाकरीसाठी हात पुढं करवला नाही. शेवटी एका सकाळी चुलीपाशी आईनं कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, रडत रडत.

“ठाऊक आहे. मी तिथंच होते की,” आई म्हणाली. “त्या दिवशी तळवड्याला गेले, पण क्षमेबद्दल बोलायला तोंड उघडेना. एकही पुस्तिका न वाटता परत आले. रोज प्रार्थनेत मागत होते, देवा, माझा राग काढून घे. परवा कुठं गेला. म्हणून आज विचारलं.”

तिलाही इतकं लागलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिचे पाय धरले. तिनं मला उठवलं आणि आम्ही तिथंच, पिठाच्या हातांनी, प्रार्थना केली.

त्या रविवारी मी प्रभुभोजन घेतलं. छातीवरचा दगड उतरला असं वाटलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोरच मैत्रिणीला खरं सांगितलं, ती माझी आई आणि आम्ही आधीचे कोण तेही.  ती म्हणाली, “आईला न्हाई कशी म्हन्लीस गं?” बाकीचं तिनं काहीच विचारलं नाही. खात्यातल्या दोघीजणी मात्र दुसऱ्या दिवसापासून माठ सोडून घरून पाणी आणू लागल्या.

त्या दोघींसाठी प्रार्थना कर, असं आईनं सांगितलं. ते मला बरेच दिवस जमलं नाही.