आत्याच्या पायाखालचे तास

फोन आला तेव्हा मी आत्याच्या खोलीतली लाकडी जमीन पुसत होते. ती अल्लीपूरला माझ्या भावाकडे गेली होती आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याला परतणार होती. भाऊ म्हणाला, "ताई, आत्या गेली वो... झोपेतच." ओला फडका हातात धरून मी तशीच बसून राहिले. त्याला आता काही आठवडे झाले. पण तिच्याबद्दल लिहायला बसले की तो फोन मागे पडतो आणि ही जमीन बसवली तो दिवस समोर येतो. एवढा आनंदाचा दिवस आमच्या घरात दुसरा नसेल!

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. ऐन तरुणपणी विधवा होऊन भावाकडे आली आणि त्याच्या शेतात राबली. दहावीनंतर वडील माझी शाळा थांबवायला निघाले, तर ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "पोरगी शिकून राह्यली त शिकू दे ना. तिच्या वाटचं काम मी करतो." आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले, ती त्या एका वाक्यामुळे. सुट्टीत ती मला कपाशी लावायला घेऊन जायची. आखलेल्या तासात, म्हणजे पेरणीच्या सरळ रेघेत, अनवाणी पाय ठेवून, मान वर करून, गप्पा मारत चालायची. मी खाली बघत अडखळले की हसायची. "खाली काय पाह्यतं? तासात पाय असला का रान आपल्याले धुऱ्यापर्यंत नेते." धुरा म्हणजे शेताचा बांध. पुढे मला नोकरी लागली, वर्ध्यात घर झालं, तिला मी आणलं. तोवर तिची नजर गेली होती, उजेड आणि सावली एवढंच कळत होतं. जन्मभर कुणाला काही न मागितलेली ही बाई... आता पलंगावरून दारापुढच्या ओट्यावर जायलाही "धर वो जरा" म्हणावं लागे. हे तिला फार लागायचं.

टाईल्सवर ती घसरायची म्हणून तिच्या खोलीत लॅमिनेटच्या लाकडी पट्ट्या बसवायचं ठरलं. पेट्या आल्या तेव्हा तिने एक पट्टी मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी चाचपली. बसवणारा म्हणाला, "माय, रूम लांब हाय. खिडकीकडं लांबच्या लांब टाकतो. उजेडासंग लाइन गेली का जोड दिसत नाई, रूम बी मोठी दिसते." माझ्या नवऱ्यालाही ते पटलं. निम्मी खोली झाली तोवर आत्याला धीर निघेना. ती पलंगावरून उतरली. पट्ट्यांच्या कडांना बारीक खाच होती, तिथे तिचा अंगठा थांबला. "अवं, हा त तास हाय!" आणि ती निघाली... कुणाचा हात न धरता, मान वर करून, तरातरा! पाय रेघेवरून जराही हलला नाही आणि रेघेने तिला सरळ खिडकीजवळच्या कपाटावर नेऊन आदळलं. "काऊन बे बाबू, मले कपाटात पेरतं काय?" तिने बसवणाऱ्याला विचारलं.

हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी म्हटलं, पट्ट्या फिरवू, पलंगापासून दारापर्यंत आडव्या टाकू. बसवणाऱ्याचं तोंड उतरलं. "ताई, सगळे जोड उजेडात उठून दिसतीन. लोक मले नावं ठेवतीन." नवराही कुरकुरला, "शिडीसारखं दिसेल गं." आत्या चाचपडत पलंगावर बसली. "राहू द्या ना. चांगली दिसून राह्यली म्हणता त राहू द्या. मी हाक मारीन." ते "हाक मारीन" ऐकलं आणि नवराच आधी खाली बसून पट्टी उचकटायला लागला.

संध्याकाळी आत्या पलंगावरून उठली आणि एकटी दारापर्यंत गेली. चौकटीला हात लागताच ओरडली, "पोचली वो!" त्यानंतर ती रोज सकाळी तशीच ओरडायची आणि स्वयंपाकघरातून नवरा विचारायचा, "चहा ठेवू काय?" पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं कामावर असताना तिने सणाची म्हणून बादलीभर पाण्याने जमीन धुतली! दाराजवळची पट्टी टम्म फुगली. "आत्याबाई, ही लाकडाची आहे, धुवायची नसते," नवऱ्याने कपाळावर हात मारला. "मंग झाड पावसात भिजत नाई काय?" शिवाय त्या फुगवट्याचा तिला फायदाच झाला. अंगठा तिथे अडला की दार आलं.

आता भेटायला येणारे विचारतात, पट्ट्या उलट्या का बसवल्या? मी मोठ्या उत्साहाने सगळं सांगते, कपाटासकट. फुगलेली पट्टी बदलायचं नवरा नेहमी म्हणायचा, हल्ली म्हणत नाही. परवा सकाळी मी चप्पल काढली, पलंगाशी उभी राहिले आणि डोळे मिटले. अंगठ्याने खाच शोधली. मान वर केली... चालत राहिले. फुगवटा लागला, चौकटीला हात टेकला आणि तोंडातून आपसूक निघालं, "पोचली वो!"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. मग आवाज आला, "चहा ठेवू काय?"