फाइल बंद करायला मी नकार दिला

परळच्या एका प्रयोगशाळेत मी सुजेवरचं औषध शोधायचं काम करते. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात; त्यांतला एक सूज वाढवायचा निरोप आत पोचवतो. त्याला अडवून धरेल असा लहान रेणू आम्हाला हवा होता. लहान अशासाठी, की तो गोळीतून देता यावा. नायगावला घरी आईची संधिवाताची इंजेक्शनं फ्रिजमध्ये असतात. तिची बोटं इतकी आखडलीत की टोचायचं काम माझ्याकडे.

आमचा एक रेणू वर्षभर छान चालला. मग लागोपाठ तीनदा चाचणी फसली. विभागप्रमुख बैठकीत म्हणाले, आधीचे निकाल योगायोगाचे होते, फाइल बंद करू. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, "सर, मी बंद करणार नाही. काय बदललं ते आधी शोधते."

तसं लेखी द्या, म्हणाले. मी तिथेच लिहून दिलं. दुसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कुणी बसेना.

जुन्या वह्या काढून ओळ न् ओळ वाचली. चौथ्या दिवशी सापडलं. आधी आम्ही द्रावण काचेच्या बाटल्यांत करायचो, आता नव्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. रेणू तेलकट, तो प्लास्टिकलाच चिकटून बसत होता, पेशींपर्यंत पोचतच नव्हता. काचेत चाचणी लावली आणि रिसेप्टर गप्प झाला. पुन्हा लावली, पुन्हा तेच. आलेख प्रमुखांपुढे ठेवला. बराच वेळ बघून त्यांनी काम चालू ठेवायच्या कागदावर सही केली. चुकलो म्हणाले नाहीत. मलाही ते ऐकायचं नव्हतं.

पुढे त्या रेणूने उंदरांच्या यकृताला इजा केली. तो सोडावाच लागला. पण त्याच्यावरूनच थोडी रचना बदलून केलेला दुसरा आम्ही आता उंदरांना देऊन बघतोय.

हे आईला सांगितलं, तर तिने विचारलं, गोळी कधी येणार? मी खरं ते सांगितलं, की तुझ्या हयातीत बहुधा नाही. ती लसूण सोलत होती. मी मदतीला हात पुढे केला, तशी तिने ताटली आपल्याकडे ओढली.

"माजा मी करतंय. तू तुजा बघ."

सोमवारी नव्या रेणूवर बैठक आहे. आतापासूनच दोघंतिघं नाराज आहेत. असू देत.