चोविसाव्या गिटारची तीट

गुणाजी मोंडकर हा बोलका माणूस कधीच नव्हता, पण बायको मालन गेल्यावर तो जेवढा गप्प झाला तेवढं गप्प होणं काही बरं नव्हे. दिवस झाले, मुंडन झालं, पाहुणे गावाला परत गेले आणि चौदाव्या दिवशी हा घाटकोपरहून बस धरून वाकोल्याला कामावर हजर. रडला म्हणावं तर एकदाही नाही. चाळीतल्या सोनूबाई म्हणाल्या, धीराचा माणूस आहे. धीर कसला डोंबल! हात बधिर झाल्यावर चटका लागत नाही, त्याला कोणी धीर म्हणत नाही.

घरी सतरा वर्षांची लेक जया स्वयंपाक करायची. एकदा तिने आमटी कशी झालीय म्हणून विचारलं, तर बरी आहे म्हणाला आणि वाटी संपवली. मग ती स्वतः जेवायला बसली तेव्हा कळलं की आमटीत मीठ घालायचंच राहिलंय. बाबा, सांगायचं तरी, असं ती म्हणाली. असू दे, म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं.

गुणाजी आधी मिलच्या सुतारखात्यात होता. ब्याऐंशीच्या संपात मिल गेली आणि तो वाकोल्यातल्या श्यामसुंदर शेठच्या गिटारीच्या कारखान्यात लागला. कारखाना म्हणजे गॅरेजमागची एक लांबट शेड. गिटारच्या पोटाला गोल भोक असतं, त्याच्याभोवती शिंपल्याच्या तुकड्यांचं कडं बसवायचं काम गुणाजीकडे आलं. तुकडे तांदळाच्या दाण्याएवढे. ते आधी कागदावर खळीने गोलात चिकटवायचे, मग तो कागद उलटा करून लाकडातल्या खाचेत सरसावर दाबायचा, आणि सुकलं की कागद भिजवून सोलून काढायचा. यातलं कागदावर चिकटवायचं काम घरी मालन करायची. तिची बोटं बारीक होती आणि तिला घाई नसायची.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर शहरातल्या एका मोठ्या वाद्यांच्या दुकानाने दोन डझन खास गिटारी सांगितल्या. फक्त चोवीस, आत नंबर घातलेल्या, आणि सगळ्यांना पांढऱ्याशुभ्र शिंपल्याचं दुपदरी कडं. पहिला कागद मालनने हातात दिला तेव्हा गुणाजीला त्यात एक काळा दाणा दिसला. नारळाची करवंटी उंबऱ्यावर घासघासून तिने तो केला होता.

"ह्या काय?" त्याने विचारलं.

"इतक्या गोऱ्यापान पोराक तीट नको?" ती म्हणाली.

बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालाला काजळाचा ठिपका लावतात, तशी तिने गिटारला लावली होती. गुणाजी हसला आणि त्याने कडं तसंच बसवलं. तेव्हापासून प्रत्येक गिटारला एक काळा दाणा, आणि दर वेळी वेगळ्या जागी. तीट काय मोजून लावतात? आईचा हात जिथे पडेल तिथे. शेठचं लक्ष आवाजावर आणि पॉलिशवर, त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही. तेवीस कागद झाले आणि मालनला कावीळ झाली. अकराव्या दिवशी ती गेली.

कामावर आल्यावर गुणाजीने राहिलेलं शेवटचं कडं स्वतःच केलं आणि ऑर्डर पुरी झाली. मग दुकानाचा माणूस तपासायला आला. त्याने खिशातून भिंग काढलं. पहिल्या गिटारवर काळा डाग, दुसरीवर डाग, तिसरीवर भलत्याच ठिकाणी डाग. चारपाच बघूनच त्याने भिंग खिशात टाकलं. माल एकसारखा पाहिजे, म्हणाला, हे सगळे डाग काढा, सोमवारी परत येतो. शेठनी गुणाजीला बोलावून तेच सांगितलं. गुणाजी हो म्हणाला.

पॉलिशवाल्या रतनला हे डाग कोणाचे ते ठाऊक होतं. तो चिडला.

"अरे, शेठला एकदा बोलून तरी बघ ना यार. वहिनीच्या हातचं आहे ते."

"काय बोलू?" गुणाजी म्हणाला, आणि सुरीचं टोक तापवायला बसला.

टोक तापवायचं, दाण्याच्या कडेला टेकवायचं, सरस सैल झाला की दाणा उचलायचा आणि तिथे पांढरा बसवायचा. काढलेला दाणा काडेपेटीत. एक झाली, चार झाल्या, दहा झाल्या. बायकोच्या हातचं शेवटचं काम आपण आपल्याच हाताने उपटून काढतोय हे त्याला समजत होतं. समजत होतं, एवढंच. नवव्या गिटारला दोन दाणे होते, का कोण जाणे. विसाव्यापासून दाणे ओबडधोबड व्हायला लागले, कावीळ दिसायच्या आधीच तिला करवंटी घासायचा जोर राहिला नव्हता. तेविसावा तर पार वाकडा, एका बाजूला जाड. गुणाजीचा हात जरासुद्धा हलला नाही. तोही काडेपेटीत गेला.

मग त्याने चोविसावी मांडीवर घेतली आणि दाणा शोधायला लागला. सापडेना. उजेडात नेली, कड्यावरून बोट फिरवलं, पुन्हा पहिल्यापासून बघितलं. सगळं पांढरं. आणि मग त्याला आठवलं, हे कडं मालनचं नाहीच. हे आपण केलं.

सगळ्यांना तिने लावली, आणि एवढी एक आपण तशीच सोडली. गुणाजीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. त्याला लाज वाटत होती. इतक्या दिवसांत त्याला काहीतरी वाटलं ते हे. त्याने कड्यातला एक पांढरा तुकडा उचलला, काडेपेटीतून तो वाकडा दाणा काढला आणि तिथे बसवला. कडेने घासला नाही, होता तसाच ठेवला.

सोमवारी दुकानाचा माणूस यायच्या आधी शेठनी स्वतः सगळ्या गिटारी पाहिल्या. शेवटचीवर थांबले.

"गुणाजी, हा एक राहिला."

"राहिला नाही शेठ. लावलाय." तो म्हणाला. "तीट आहे. बायको लावायची सगळ्यांना. हिला लावायच्या आधी गेली."

रतनचा हात पॉलिशच्या फडक्यावर थांबला. शेठनी इतर तेवीस गिटारींकडे एकदा पाहिलं. आधी का नाही बोललास, एवढंच त्यांनी विचारलं. शेठनी चोविसावी पेटीत घातली, झाकण लावलं आणि ती थप्पीत सगळ्यांत खाली ठेवली. दुकानाच्या माणसाने वरच्या सहा पेट्या उघडून बघितल्या आणि माल टेम्पोत चढवला.

संध्याकाळी गुणाजी घरी आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. जयाने ताट वाढलं. त्याने पहिला घास घेतला, चावला आणि थांबला.

"मीठ कमी पडलंय गं," तो म्हणाला.

मिठाचा डबा काढायला जया उठली, ती फळीपाशी पाठ करून तशीच उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. गुणाजीने घास ताटात ठेवला. मालन गेल्याला त्या दिवशी सव्वीस दिवस झाले होते, आणि ती गेली हे त्याला तेव्हा कळलं.