मोटारीचे दावे

कोरेगावच्या देवळापुढे एक निवृत्त फौजी आपली आठ सिलिंडरची अमेरिकन मोटार सांगलीच्या व्यापाऱ्याला विकत होता. पेट्रोल महागल्याने ती पोसणे त्याला अशक्य झाले होते. आरशासारख्या लखलखीत बॉनेटला त्याने कुंकू लावले, पण किल्ली मात्र खिशात टाकली. देवळातला होम आटोपून निघालेला मी भटजी कुतूहलाने थांबलो.

"आवं, किल्ली द्या की!" व्यापारी म्हणाला.

"जनावर इकलं तरी दावं जुन्या मालकाकडंच ऱ्हातंय."

"बैल पायानं चालतोय, पाव्हणं! ही काय सांगलीपतोर ढकलत न्यू व्हय?"

फौजी खजील होऊन हसला. किल्लीचा काळा गोफ त्याने सावकाश सोडवला, किल्ली दिली आणि गोफ मुठीत धरला. मोटार दिसेनाशी झाली, तरी त्याची मूठ उघडेना.

'न मम', हे माझे नव्हे, असे म्हणत मी जन्मभर आहुती दिल्या. त्या शब्दांना एवढे वजन असते, हे मला ठाऊक नव्हते.