होल्टमन म्हाताऱ्याचा करार आणि आमचा विनू

"आत्या, बाबा गेले. झोपेतच गेले. व्हेरी पीसफुल," माझा भाचा नितीन फोनवर म्हणाला. रविवार होता, दुपारचा दीड वाजला होता. मी विचारलं, "कधी रे?" तर म्हणे, "एक्झॅक्टली माहीत नाही. आम्हाला वाटलं झोपलेत. एकच्या सुमाराला मृणाल लाँड्री लावायला खाली गेली, तेव्हा..." पुढचं माझ्या कानात शिरलंच नाही. पहाटे पाचला उठून चहाचं आधण ठेवणारा माणूस दुपारी एकपर्यंत वर आला नाही, आणि घरातल्या एकालाही त्याचं काही वाटलं नाही. लाँड्री नसती तर? आज पाच आठवडे झाले, माझा राग तसूभरही कमी झालेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे लिहावं, असं मला दोघातिघांनी सुचवलं. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल लिहावं.

विनायक माझा मावसभाऊ. मी दीड वर्षानं मोठी, म्हणून तो शेवटपर्यंत विनू आणि अरे-तुरे. मी डॉक्टर होऊन इकडे विस्कॉन्सिनला आले आणि इथेच म्हातारी झाले; तो नाशिकला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, जिथे घरा-जमिनीचे दस्त नोंदवतात तिथे, कारकून म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला. दस्त हे त्याचं वेड. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला विचारणार, "तुमच्या घराचा सातबारा की प्रॉपर्टी कार्ड?" तोंडी व्यवहार करू नका हो, कागद करा, असं त्यानं किती लोकांना कळकळीनं सांगितलं असेल! आणि बायको, उषा, गेल्यावर स्वतः काय केलं? इकडेच राहणारा त्याचा मुलगा नितीन म्हणाला, "बाबा, एकटे कशाला राहता? फ्लॅट काढून टाका, आपण इथे मोठं घर घेऊ, खाली तुमची खोली." यानं फ्लॅट विकला, पैसे पोराच्या घरात घातले आणि दोन बॅगा घेऊन विमानात बसला. एक चिठोरंसुद्धा लिहून घेतलं नाही. पोटच्या पोराकडून कागद करून घ्यायचा असतो हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

खोली मात्र खरंच छान होती. तळमजल्यावर, स्वयंपाकघराला लागून, दोन मोठ्या खिडक्या. पण दिवसभर करायचं काय? म्हणून एका शनिवारी मी त्याला गाडीत घातलं आणि आमच्याकडून अर्ध्या तासावरचं एक जुनं शेत दाखवायला नेलं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी उत्तर जर्मनीतून आलेल्या होल्टमन नावाच्या कुटुंबाचं ते शेत, आता जपून ठेवलंय, लोक बघायला येतात. श्रीमंत घर! लाल विटांची दुमजली इमारत, दगडी पायावरचं भलंमोठं धान्याचं कोठार, मांस धुरावर टांगायची वेगळी खोली, तळघरात आंबवलेल्या कोबीची पिंपं. पाहुण्यांसाठी एक दिवाणखाना आणि पाद्रीबाबा आले तरच उघडायचा असा दुसरा. आठ मुलं. म्हाताऱ्या योहाननं उभ्या आयुष्यात इंग्रजी बोलायचं नाकारलं; गावात जर्मन शाळा, जर्मन चर्च, दुकानदारसुद्धा जर्मन, मग अडतंय कुणाचं? थोरला हाइनरिश मात्र बाजारात गेला की हेन्री व्हायचा. विनू ऐकत होता आणि हसत होता. "सुमन, आपल्या नितीनला ऑफिसात निक म्हणतात, माहितीये ना?"

मग आम्ही घराच्या दक्षिण टोकाच्या खोलीत आलो आणि विनू भिंतीसमोर जो उभा राहिला तो हलेना. भिंतीवर काचेत एक जर्मन दस्त होता, शेजारी त्याचं इंग्रजी. योहान आणि आना म्हातारे झाले तेव्हा त्यांनी सगळं शेत हेन्रीच्या नावावर करून दिलं, आणि त्याच दिवशी हेन्रीनं आईबापांना हे लिहून दिलं होतं... दक्षिणेची खोली चुलीसकट दोघांच्या हयातीपर्यंत त्यांचीच. फोडलेली सुकी लाकडं दाराशी रचून द्यायची. एक गाय, तिचा चारा मुलानं घालायचा. बागेतली सफरचंदं लागतील तेवढी. स्वयंपाकघरातून पाण्याच्या पंपावर जायला कुणी आडकाठी करायची नाही. रविवारी चर्चला जायला घोडा आणि गाडी. आजारपणात शुश्रूषा.

मला तर किळसच आली. "एवढं गडगंज घर आणि बापाला लाकडं द्यायची ते लिहून? शी! कसली माणसं!" विनूनं काचेवरून नजर काढली नाही. म्हणाला, "काय मसुदा आहे ग! कुठे फट नाही. आणि अगं, भांडण झालं म्हणून लिहिलं असं थोडंच आहे? म्हातारा पुढे बारा वर्षं इथे मजेत राहिला, ती शेत दाखवणारी बाई सांगत होती ना." मी म्हटलं, "दक्षिणेला खोली, यमाची दिशा!" तर म्हणतो, "इथे यम उत्तरेकडून येतो, बर्फ घेऊन. पोरानं बापाला ऊन दिलंय, बाई."

पुढच्या शनिवारपासून तो तिथला स्वयंसेवक. डोक्याला गवती हॅट, खाली नाशिकची पँट, आणि दक्षिणेच्या खोलीत उभा राहून तो गोऱ्या लोकांना त्यांच्याच पणजोबांचा दस्त समजावून सांगायचा. "सी, मॅडम, ही इज रिच मॅन. स्टिल ही रोट. व्हाय? नाऊ आय टेल यू." लोक खुर्च्या ओढून बसायचे. आठवड्यातून चार तास माझा भाऊ पुन्हा साहेब व्हायचा, आणि परत येताना गाडीत तोंडाचा पट्टा नुसता चालू.

दुसऱ्या वर्षी सुनेला, मृणालला, कायमचं घरून काम मिळालं. तिला ऑफिस हवं, दिवसभर मीटिंगा, उजेड चांगला हवा. झालं! "बाबा, बेसमेंट फिनिश करून घेतलंय, तुम्हाला तिथे कम्प्लीट प्रायव्हसी." खाली खिडकी कसली, छताजवळ वीतभर काच, हिवाळ्यात तिच्यावरही बर्फ. चौदा पायऱ्या, मी मोजल्यात. त्याच्या गुडघ्यांचे एक्स-रे मी स्वतः बघितले होते. मी भडकले, "बोल ना नितीनशी!" तर हा, "अगं, पोरांची सोय नको का बघायला?" नितीन वाईट मुलगा नाही हो. औषधं वेळेवर आणायचा, इन्शुरन्स भरायचा, वाढदिवसाला केक. तेच तर डोक्यात जातं! वाईट असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, शेत हिवाळ्यासाठी बंद होणार होतं त्या दिवशी, विनूनं गाडीत खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "सुमन, होल्टमनवरून मी एक मसुदा केलाय. नितीनपुढे तू ठेव. तुझा शब्द तो मोडणार नाही." आणि मी काय म्हणाले असेन? मी, जी हे सगळं एवढ्या तोऱ्यात लिहितेय, ती मी? मी म्हणाले, "विनू, शोभतं का? मुलाला करार दाखवणार? चार लोकांत कळलं तर त्याला तोंड दाखवायला जागा राहील का?" त्यानं "बरं" म्हटलं. कागद तरीही माझ्याकडेच दिला, "असू दे तुझ्याजवळ," म्हणून. मी तो न उघडता गाडीच्या खणात टाकला. मला ठाऊकच होतं आत काय असणार: वरची खोली परत द्या. त्यावरून घरात रणकंदन होणार आणि मध्ये मी! नको बाई. दिवाळी आली, थँक्सगिव्हिंग आलं, ख्रिसमस आला... कागद खणातच.

तेराव्याला नितीनच्या घरी जेवण होतं. मी लवकर पोचले, पण आत जायला पाय उचलेना. गाडीतच बसले आणि खण उघडला. विनूचं ते टपोरं, शिरोरेषा पट्टीनं मारल्यासारखं अक्षर.

"करारनामा. लिहून देणार: चि. नितीन. लिहून घेणार: विनायक, वय ७४, धंदा काही नाही. राहती खोली तळघरात आहे ती ठीक आहे, बदलून नको. तिच्याबद्दल तक्रार नाही. अट एकच. जेवण तयार झाले की लिहून घेणाऱ्यास जिन्याच्या वरच्या पायरीवरून तोंडाने हाक मारावी. मोबाईलवर मेसेज पाठवू नये. घरात कुणी नसल्यास ही अट लागू नाही. साक्षीदार: डॉ. सुमन, नात्याने मावसबहीण." सहीची जागा कोरी.

एवढंच. चार महिने मी ज्या कागदाला घाबरले, त्यात एवढंच होतं. ही गोष्ट त्यानं मला कधी सांगितली नव्हती, आणि दर शनिवारी शेजारी बसवून नेताना मीही कधी विचारली नव्हती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि पहिल्यांदाच ती नितीनवरची नव्हती.

आत माणसं जमली होती. नितीननं टीव्हीवर फोटो लावले, गहिवरून बोललासुद्धा. "बाबांना त्यांची स्पेस फार प्रिय होती," म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. मग केटररनं ट्रे उघडले आणि मृणालनं, सवयीनं, काही मनात न आणता, फोन हातात घेतला. घरभर पांगलेल्या मंडळींचे फोन टिंग टिंग वाजले. लंच इज रेडी.

मी उठले. बेसमेंटचा दरवाजा उघडला आणि वरच्या पायरीवर उभी राहिले. खाली अंधार होता, वॉशिंग मशीन फिरत होतं.

"विनू!" मी ओरडले. "ए विनू! जेवायला चल, पानं घेतलीत!"

नितीनची मुलगी रिया, अकरा वर्षांची, माझ्या मागे येऊन उभी राहिली. "सुमनआजी," ती हळूच म्हणाली, "ही कान्ट हिअर यू." तिच्यामागे नितीन, हातात रिकामी प्लेट. त्याचा चेहरा पार उतरला होता. त्याला मी कागद तिथेच दिला. तो वाचून झाल्यावर त्यानं तोंड उघडलं, बहुतेक "आत्या, मला कधी बोललेच नाहीत ते" असं म्हणणार होता. मला ते ऐकायचं नव्हतं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि खाली तोंड करून पुन्हा हाक मारली, पहिलीपेक्षा मोठ्यानं.